बॉनेटवरची दोन भोकं

न्हाई न्हाई, मोडलेला न्हाई गाडीचा टप. कापलाय. 'मोडका' म्हणून लिवू नका उगाच. मीच कापून घेतलाय, फुडं उभा राहून. — का म्हंजे? साहेब, तुमी डोक्याला काय घालता? काईच न्हाई. तेल लावता, भांग पाडता, झालं. तुमाला न्हाई कळायचं. ह्यो माझा पटका बघा. बापाचा असाच व्हता, आज्याचा असाच. ह्यो बांधून त्या टपाखाली शिरायचं म्हंजे मान मोडून, कोंबडी डालल्यागत बसायचं. ज्याच्याकडनं गाडी घेतली त्यो लोणावळ्याचा पारशी डॉक्टर बारका व्हता, त्याला चालत व्हतं. मला न्हाई चाललं. र्‍हाटणीच्या सोपानरावानं कुणाफुडं मान खाली घातली न्हाई, ती सोताच्या गाडीत घालायची व्हय? काप म्हणलं भिमाजीला. भिमाजी लोहार, पिंपरीचा. त्यानं एका दुपारी उडवला. आता उन्हात बसतो, पण ताठ बसतो. लिवलं? 'मूळ टप काढून टाकला' — व्हय, असं लिवा. ह्यात लाजायचं काय हाय?

कळवलं व्हतं का? कुणाला? — इमा कंपनीला? बसा, साहेब, बसा त्या बाजंवर, उभ्यानं असले प्रश्न इचारू नये माणसानं. माझी गाडी, माझं डोकं, टप मी कापला, आन् त्ये मी मुंबैला कुठल्या तरी माडीवर पंख्याखाली बसलेल्या माणसाला कळवायचं? घरात चूल इकडची तिकडं मांडली तर तेबी कळवू का? त्यो तुमचा चिंचवडचा एजंट, यशवंतराव, दरसाल हप्ता न्यायला येतो तवा इचारतो बरं का — सोपानराव, गाडीत काई बदल केलाय का, काई वाढवलंय का, काई काढलंय का. असं इचारतो जणू पोरीच्या सासरचा हाय आन् अंगावरचे डागिने मोजतोय. मी म्हणलं, यशवंतराव, चहा प्या आन् निघा. निघाला. त्याला तरी कुठं उतरून गोठ्यापतूर जाऊन गाडी बघायची व्हती? धोतराला शेण लागतं.

सांगा बरं, परत सांगा, समजून घेऊ द्या मला. म्हंजे गाडी कारखान्यातनं आली तशीच ठेवली तर हप्ता एक. जरा हातानं काई केलं, वाढवलं, काढलं, तर गाडीचा धोका बदलला, म्हणून हप्ता वाढणार. आन् केलं आन् सांगितलंच न्हाई, तर येळ आल्यावर कंपनी म्हणणार, ही आमी इमा उतरवलेली गाडीच न्हवं. असं ना? वा. म्हंजे तुमाला गाडी फोटूतली पायजे. आमच्यात असं न्हाई, साहेब. आमच्यात जनावर दावणीला आलं की त्याची येसण बदलतो, गळ्यात घुंगरमाळ घालतो, पाठीवर झूल टाकतो, तवा त्ये आपलं व्हतं. बाजारातनं आणलं तसंच ठेवायला त्ये काय दुसऱ्याचं हाय?

— ती भांडी आपटलेली ऐकलीत? ती आमची सोजराबाई. तिचं म्हणणं, मी गप बसावं. आन् दारात त्यो उभा हाय त्यो कोंडाजी, माझा धाकटा भाऊ. गाडी त्यो चालवतो, परवाना त्याचा हाय, त्ये तुमी बघितलंयच. सकाळपासनं दोघं माझ्या मागं लागल्यात. दादा, साहेब इचारतील तेवढंच बोला. दादा, आपला मळा जाईल. आता तुमच्यापासनं काय लपवायचं, नदीपल्याडची आमची सगळी जमीन नव्या कारखान्यात गेली. काळी जमीन, जोंधळा असा यायचा की आत शिरलेला मानूस दिसायचा न्हाई. आता तिथं तारेचं कुंपण हाय आन् कुंपणावर पाटी हाय. त्याच पैशात ही गाडी आली. आन् अल्याड र्‍हायला त्यो एवढासा मळा, नदीकाठचा, इहिरीचा. आमच्या गाडीची धडक बसली त्या ज्योतीरामाच्या पायाचं काय त्ये तुमच्या कंपनीनं दिलं तर ठीक. न्हाई दिलं तर आमी द्यायचं, आन् आमी द्यायचं म्हंजे मळ्यातनंच द्यायचं. म्हणून ह्या दोघांना घोर लागलाय. मला न्हाई. हप्ता भरलाय मी. फुकट मागत न्हाई तुमच्याकडं.

खाली वाकून काय बघता? पाटे? व्हय, स्प्रिंगचे पाटे वाढवलेत. ह्या बाजूला एक आन् त्या बाजूला एक. भिमाजीनंच बसवले, तुटक्या लॉरीचे मिळाले व्हते. साहेब, तुमी आता पिंपरीवरनं आलात ना? मग पवना कशी उतरलात? कोंडाजीनं पाठुंगळी आणलं तुमाला, बूट हातात घेऊन. व्हय ना? मग गाडीनं काय करावं, तिनं कुणाच्या पाठुंगळी बसावं? उतारावर पाणी पार गादीपतूर यायचं. म्हणून उचलून घेतली. तुमच्या मुंबैच्या साहेबाला पवनेचा उतार ठाव हाय का? न्हाई. मग त्यो कुठल्या तोंडानं ठरवतो माझ्या गाडीचे पाटे किती असावेत त्ये? — काय म्हणता? टपाचं आन् पाट्यांचं जमंल? त्याच्यानं काई कुणाला इजा झाली न्हाई, मागचा वाढीव हप्ता भरून घेतील आन् मिटवतील? बघ कोंडाजी, उगाच रात रात जागलास.

आता ज्योतीरामाचं. सांगतो. त्या दिशी आमी कॅम्पात म्हशीसाठी पेंड घ्यायला चाललो व्हतो. मी मागं, कोंडाजी फुडं. कारखान्याचा भोंगा झाला आन् त्ये सगळे सुटले. साहेब, त्ये दृश्य तुमी बघायला पायजे. कोण सोलापूरचं, कोण कोकणातलं, कोण मोगलाईतलं, आन् सगळ्यांच्या बुडाखाली नव्या कोऱ्या सायकली. गावाकडं ज्यांनी उभ्या जल्मात चाक फिरवलं न्हाई त्ये घंट्या वाजवत सडकंच्या मधनं. आमच्याच जमिनीत काम करत्यात आन् आमालाच बाजूला व्हा म्हणत्यात. त्यातला एक ह्यो ज्योतीराम. बीडाकडचा. मागं वळून दोस्ताशी बोलत सायकल हाणतोय. कोंडाजीनं ब्रेक दाबला. दाबला व्हता, खोटं न्हाई बोलत. गाडी थांबलीच व्हती म्हणा ना. एवढीशी धडक. दुसरा कोणी असता तर धूळ झटकली असती, दोन शिव्या दिल्या असत्या आन् गेला असता.

पण त्यो उठंना.

मग मीच उतरलो, मीच उचलला त्याला. सदरा बघा, अजून डाग गेला न्हाई. पुण्याच्या दवाखान्यापतूर मांडीवर घेऊन बसलो व्हतो. आपलाच पटका सोडला आन् त्याच्या जांघंला आवळून बांधला. दुसरा काय बांधणार, तुमच्यागत खिशात रुमाल नसतो आमच्या. वाटभर मला म्हणत व्हता, दादा, मला कामावर घेतील ना परत, मी अजून कायम न्हाई झालो. मी म्हणलं, गप पड. बायकू हाय त्याला, गोजाबाई म्हणून, लहान हाय वयानं, दवाखान्याच्या पायरीवर बसून असती. तिला भाकरी सोजराच पाठवती रोज. कोंडाजी देऊन येतो. आता ही काय सांगायची गोष्ट झाली, तुमी इचारलं न्हाई, मी बोललो.

बॉनेटवर? कुठं? — ती व्हय. ती भोकं हायत. दोन. असत्यात गाड्यांना.

चहा घ्या, निवतोय.

डॉक्टर काय म्हणाले? तुमी भेटून आलात त्यांना आधी? मग आल्या आल्या सांगायचं न्हाई का. बरं, म्हणाले काय? — की ही जखम गाडीची न्हाई वाटत. की जनावरानं शिंग खुपसल्यावर असती तशी हाय, वर खोल आन् आत वळलेली. आन् त्यो ज्योतीरामबी पहिल्या दिशी गुंगीत बडबडत व्हता, बैलानं मारलं, बैलानं मारलं. डॉक्टर हसले असतील. शिकलेली माणसं, हसायला काय जातंय. सडकंवर काई बी आडवं येतं, साहेब. लोखंड असंल. पत्रा असंल. त्याच्याच सायकलीचा दांडा असंल. मी काय वाकून बघितलं?

का रं कोंडाजी, खाकरतोस कशाला? दिवे? — साहेब, काय म्हणालात तुमी? दिवे बसवले व्हते का तिथं, बॉनेटवर. धुक्यासाठी लावत्यात तसले, पितळी. दिवे असतील तर तसं लिवतो, म्हणता. दिव्याची कड लागली असंल, दिवे सगळेच लावत्यात, कंपनी त्याला काई म्हणत न्हाई, ज्योतीरामाचं सगळं कंपनी देईल. मी फकस्त व्हय म्हणायचं.

बघा कसा मान हलवतोय ह्यो. व्हय व्हय, दिवेच व्हते, म्हणतोय. जीभ सुटली ह्याची. आतली भांडी बी थांबली बघा, सोजरा दाराआड येऊन उभी र्‍हायली असंल. सगळ्यांना दिवे पायजेत.

भला मानूस हायसा तुमी. खरंच म्हणतो. मला वाटलं व्हतं, पुण्याहून येईल कुणी तरी नाक वर करून, फाडफाड बोलंल, मी त्याला दाराबाहेर घालवीन. तसं असतं तर सोपं झालं असतं. तुमी माझ्यावर दया करताय. माझ्याच अंगणात, माझ्याच बाजंवर बसून.

पोळ्याचं तुमाला काई ठाव हाय का? तुमच्या पेठंत मातीचे बैल पाटावर मांडत्यात, त्ये न्हवं. गावचा पोळा. वेशीला तोरण बांधत्यात, सगळ्या गावची बैलं उभी र्‍हात्यात, आन् तोरणाखालनं पहिला बैल जातो त्यो आमच्या घरचा. मान हाय त्यो. आज्याच्या आज्यापासनं. वाजंत्री लागली की सगळं गाव थांबतं, आमचा बैल फुडं झाल्याबिगर दुसऱ्याचं पाऊल न्हाई उचलायचं. शेवटची इतकी वरसं पाखऱ्या जात व्हता. पांढरा सफेद, वशिंड असं, आन् शिंगं — साहेब, वरनं जरा आत वळलेली, सारखी, नदरंत भरणारी. चाकणच्या बाजारात व्यापारी गाड्या सोडून बघायला यायचे. जमीन गेली त्या सालात त्याला काम र्‍हायलं न्हाई. सकाळी उठून उभा र्‍हायचा, औताची वाट बघायचा. मी म्हणायचो, अरं बस, न्हाई जायचं आता. बसायचा न्हाई. कुंपण पुरं झालं त्याच वरशी गेला त्यो. मळ्यात पुरला त्याला, इहिरीच्या अंगाला. पुरताना शिंगं तेवढी काढून घेतली मी. सोजरा जेवली न्हाई त्या दिशी. तिला वाटलं, मी त्याची इटंबना केली.

फुडं पोळा आला. आता गावापाशी जाऊन काय सांगू? आमच्याकडं बैल न्हाई, मान रंगरावाला द्या? रंगराव म्हंजे आमचा चुलतभाऊ, त्यो टपूनच बसला व्हता, बैलाला पंधरा दिस आधीपासनं तेल लावत व्हता. मग दुसरा बैल का आणला न्हाई, म्हणाल. त्या दावणीला दुसरा बांधायचा? त्याच खुट्याला? न्हाई जमलं मला. दोनदा चाकणला जाऊन रिकामा आलो. मग म्हणलं, आता घरचा बैल हाच, ही गाडी. पोळ्याच्या आदल्या दिशी भिमाजीला बोलावलं, बॉनेटला दोन भोकं पाडली, आतनं लोखंडी पट्टी टाकली, बोल्ट आवळले, आन् पाखऱ्याची शिंगं बसवली. रंगवली. टोकाला त्याच्याच पितळी शेंब्या घातल्या. घुंगरमाळ बांधली गाडीच्या फुडच्या मोठ्या दिव्यांना. आन् सकाळी, वाजंत्री लागल्यावर, वेशीतनं पहिली ही गाडी गेली. मी मागं उभा, पटका बांधून. टप कापलेला व्हताच.

हसले लोक. हसणारच. रंगराव तर धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसत व्हता. पोरं मागनं हंबरत व्हती. मी ताठ उभा व्हतो. मला वाटलं, हसू देत, मान तर र्‍हायला. दुसऱ्या दिशी कोंडाजी म्हणाला, दादा, आता काढू या का. मी न्हाई म्हणलं. काढली असती तर त्यांचं हसणं खरं ठरलं असतं. म्हणून ठेवली. म्हणून, साहेब. दुसरं काई कारण न्हाई. कोण पुसतो तुमच्या कंपनीला.

तर त्ये दिवे न्हवते.

कोंडाजी, जा, कडब्याच्या गंजीतनं काढून आण. दोघांनी मिळून तिथं लपवलीत त्ये ठाव हाय मला. — न्हाई आणत? बरं. बसा साहेब तुमी, मीच आणतो. बसा म्हणलं ना.

ही घ्या. धरा. अशी एका हातानं न्हाई, पेन ठेवा बाजूला, दोन्ही हातांनी धरा. जड हाय ना? ही उजवी. ही गेली त्या पोराच्या जांघंत, शेंबीपासनं इथवर. सोजरानं धुतली, राखंनं घासली, तरी ह्या चिरंत बघा, रंग आन् त्ये, एक झालंय. मला रोज दिसतं. गंजीत लपवलं तरी दिसतं.

पाखऱ्यानं जितेपणी कुणाला ढुशी मारली न्हाई. एवढं जनावर, पण लेकरं त्याच्या पायात खेळायची. शिंगाला लोंबकळायची. कुणाच्या अंगावर धावून गेला न्हाई कधी, कुणाला ओरखडा न्हाई. आन् मेल्यावर मी त्याच्याकडनं ह्या पोराला ढुशी मारवली. पोटासाठी मुलूख सोडून आलेला, माझ्या वावरात राबणारा, बायकू पायरीवर बसलेला. माझ्या मानासाठी. आन् आता तुमी म्हणता, दिवे म्हणा.

टोपण कशाला लावलं पेनाचं? काढा. काढा म्हणतो. लिवा. — काय बदलतंय म्हंजे? लई बदलतंय. दिवे म्हणलं की त्यो पोळा झालाच न्हाई, पाखऱ्या व्हताच न्हाई, आन् ज्योतीराम सायकलीवरनं आपला आपण पडला. तुमची कंपनी पैसे देईल आन् मी ह्या ओट्यावर बसून खाली मान घालून जगायचं. त्याच्यापायी टप कापला व्हता का मी?

सोजरा, रडायचं तर आत जाऊन रड. कोंडाजी, तू उद्या रंगरावाकडं जा. मळा त्यालाच पायजे व्हता, लई दिसापासनं डोळा हाय. पाखऱ्याला पुरलंय तेवढी जागा सोडून दे म्हणावं, त्याच्यावर नांगर घालू नको म्हणावं. ऐकलं तर ऐकलं. पोळ्याचा मानबी ने म्हणावं. ज्योतीरामाचं काय त्ये आमी करू. त्याचा पाय धड होईस्तोवर आमी, आन् न्हाई झाला तर जल्मभर आमी. त्यात तुमच्या कंपनीनं पडू नये.

आन् साहेब, 'शिंगं' एवढंच नका लिवू. पाखऱ्याची लिवा. जागा नसंल तर बारीक अक्षरात लिवा.

झालं? द्या, कुठं अंगठा करायचा? — सही येती मला. द्या.

द्या ती शिंगं इकडं. आता उठा, ऊन कलतंय, उतारावरनं कोंडाजी घालवील तुमाला. त्यो नसंल तर मी घालवतो. बूट हातात घ्या. जा म्हणलं ना.

दिवे म्हणे.